ओलाव्याचा कडता

त्या साली पावसानं आमच्याकडे पाठ फिरवली आणि बाबांच्या काट्यावर माश्यांशिवाय काही बसेनासं झालं. माश्यांचं वजन काट्यावर येत नाही. बाबांनी नीट बघून खात्री केली होती.

बाबा मापाडी. शेठच्या धान्याच्या गोदामात, दाराशीच त्यांचा काटा. खाली पोतं ठेवायचा लोखंडी पाट, वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारा गोळा. सुगीत मी पाठीवरून पोतं आणून पाटावर आदळायचो, बाबा गोळा सरकवायचे, दोन बोटांनी थांबवायचे आणि वजन ओरडायचे. ओरडण्याआधी त्यांचे डोळे क्षणभर मिटायचे. त्या क्षणात कडता, म्हणजे वजनातली घट, कापला जायचा. बारदानाचा एक किलो, ओलाव्याचा एक, माती-खड्यांचा अर्धा. हा कडता शेठच्या वडिलांनी ठरवून दिलेला. आपल्याला शिंक येते तसा बाबांचा कडता कापला जायचा, त्यात विचाराचा भाग नव्हता. दांडीकडे बघायचा मान एकट्या बाबांचा. बाकी गावाला फक्त ओरडणं ऐकू यायचं आणि तेवढं पुरायचं.

आता पोतीच नव्हती. शेठनं गोदामाला कुलूप घालणं सोडून दिलं, कारण आत चोरण्यासारखे आम्हीच होतो. मी आणि आई दिवसभर फाटकी बारदानं दाभण-सुतळीनं शिवायचो. बोटांना सुतळीचे चर पडायचे, नाकात तुसाची धूळ जायची. शिवून झालेल्या गोण्यांची थप्पी माझ्या डोक्याच्या वर गेली तरी त्यात भरायला काही नव्हतं. सकाळी लांबच्या विहिरीवरून हातगाडीवर पिंप आणायचं, मग गोण्या, मग परत पिंप. बाबा काट्याला तेल घालायचे.

"आणखी थोडं घाला," आई म्हणाली, "म्हणजे तळून निघेल."

दादा ट्रकवर. महिन्यातून एकदा घरी येऊन झोपायचा आणि उठून परत जायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. घरात धड चाललेलं काम एकच होतं, ते वहिनीचं. गावच्या शाळेत त्या साली नवा विषय आला होता: आरोग्य आणि माणसाची वाढ. तो शिकवायला वहिनीला घेतलं, पण सहामाहीपुरतं. सहामाहीनंतर तपासणीच्या बाई येणार, वर्ग बघणार. पसंत पडला तर कायम, नाही तर त्या तासाला पुन्हा कवायत. वहिनीनं ते मनावर घेतलं होतं. ती पदर खोचून घरातून निघायची ती अशी, की रस्त्यातल्या म्हशी बाजूला व्हायच्या.

शाळा समितीचे अध्यक्ष शेठच. त्यांना विषय पसंत नव्हता. "पोरांना हात-पाय आहेत हे पोरांना माहीत आहे," ते म्हणाले. "त्या तासाला त्यांनी गोदाम झाडलं तर तेही आरोग्यच की."

वहिनीकडे पुस्तक होतं, पण सांगाडा नव्हता. चित्रंही नव्हती. ती गोदामात आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, उद्या सकाळी मोकळे आहात ना?"

"गोण्या आहेत."

"बनियन पांढरं घाला."

दुसऱ्या दिवशी मी साऱ्या वर्गासमोर उभा होतो आणि वहिनी रंगीत खडूनं माझ्या बनियनवर यकृत काढत होती. हमालाच्या अंगात सगळं ठसठशीत असतं असं तिचं म्हणणं. फुप्फुसं निळी, जठर पिवळं, आतडी हिरवी. आतडी काढताना मला गुदगुल्या झाल्या, त्यामुळे ती पुस्तकातल्यापेक्षा बरीच वाकडी आली आणि पोरांच्या वह्यांतही तशीच गेली. मग मला पाठमोरं करून पोरांनी एकेक करून माझे मणके चाचपले. नंतर मला मैदानात पळवलं आणि पोरं माझं मनगट धरून नाडी मोजत बसली.

"अजून जोरात चाललीय बाई!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काका अजून जिवंत आहेत!"

वहिनी म्हणाली, बरोबर.

मी तसाच बाजारातून घरी आलो. न्हाव्यानं मला थांबवलं, बनियनकडे बघितलं आणि स्वतःच्या पोटाला हात लावून विचारलं, "हे पिवळं माझ्यातही आहे?" मी आहे म्हणालो. तो विचारात पडून आत गेला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसून राहिलं.

मग वाढीचे टप्पे आले. वहिनीनं घरच उचलून वर्गात नेलं. तान्हं बाळ मिळालं नाही, म्हणून तिथं उशी ठेवली. बालपण म्हणजे पोरं स्वतः. वयात येणं शिकवताना आवाज फुटतो कसा हे तिनं सांगितलं आणि मला विचारलं, "भावोजी, तुमचा कधी फुटला?" मी उत्तर शोधत होतो, तोवर खिडकीतून आईनं सांगून टाकलं. ती पाण्याची कळशी घेऊन चालली होती. "ह्याचा? पाहुण्यांसमोर गाणं म्हणताना. मधेच बोकडासारखा झाला. पाहुणे चहा न पिता गेले." वर्ग हसला. वहिनी थांबली नाही. तिनं मोठ्या पोरींना आणि पोरांना, दोघांनाही, अंगात काय काय बदलतं ते सरळ सांगितलं, आणि कळशी तशीच कमरेवर ठेवून आईनं ते शेवटपर्यंत ऐकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही घाबरून मेलो होतो."

शेवटी म्हातारपण. वहिनीनं बाबांना पुढे बोलावलं. बाबा जागचे हलले नाहीत.

"मी प्रौढ आहे," ते म्हणाले.

"मामंजी, प्रौढ मी आहे."

"मग दोघं प्रौढ."

म्हातारपणाची जागा रिकामीच राहिली. बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. काट्यापाशी बसून राहिले. माल येईना, त्यात सुनेनं म्हाताऱ्यात धरलं. म्हणूनच, वहिनीनं दोन दिवसांनी वजनाचा विषय काढला तेव्हा बाबा माझ्या आधी उभे राहिले.

पोरांची वाढ बरोबर आहे का हे बघायला वजन करायचं होतं. शाळेत छोटा काटा होता, पण त्यावर एकदा हेडमास्तर उभे राहिले होते, आणि तेव्हापासून तो प्रत्येकाला हेडमास्तरांचंच वजन सांगायचा.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "काटा माझ्याकडे आहे."

सगळी शाळा रांगेनं गोदामात आली. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. वहिनीनं भिंतीला फळा टेकवला आणि आमच्याकडे पाठ करून खडू घेऊन उभी राहिली. मी एकेका पोराला काखेत धरून पाटावर ठेवत होतो. सवयीनं पहिल्या पोराला आदळलंच, त्याबद्दल वहिनीची बोलणी खाल्ली. बाबा गोळा सरकवत, थांबवत, डोळे मिटत आणि ओरडत. काय आवाज लागला होता! छपरावरची कबुतरं उडाली. कित्येक महिन्यांनी गोदाम गोदामासारखं वाटलं.

शेठची दोन नातवंडं जुळी. मुलगा गोल, त्याला सगळे लाडू म्हणायचे. मुलगी बारीक, तिला काडी. लाडूला पाटावर ठेवताना माझी कंबर लचकली. काडीला ठेवलं तेव्हा ठेवलं का नाही हेच कळलं नाही.

वरून आलेला एक तक्ता होता, हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांचा. वहिनीनं फळ्यावरची वजनं तक्त्यावर मांडली आणि खाली बसली. लाडूसारखी दोन-तीन सोडली तर हिरव्यात कुणीच नव्हतं. बहुतेक पिवळ्यात, लहानगी बरीचशी लालमध्ये.

"दुष्काळ," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरांच्या अंगावर उतरलाय आणि आपल्याला दिसला नाही."

तासाभरात गावात बातमी. आया आपापल्या पोरांच्या बरगड्या मोजायला लागल्या. शेठ गोदामात आले ते ओरडतच. "माझा लाडू हिरव्याच्या काठावर? ह्याला दारातून आडवा आणावा लागतो!"

"काटा खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले.

ह्यावर शेठ काय बोलणार? त्यांचं सारं घर ह्याच काट्यावर उभं होतं.

वहिनीनं वर फोन केला. तिकडून लगेच निरोप: तपासणीच्या बाई आधीच येतायत, परवा, डॉक्टर घेऊन, आणि गावासाठी पौष्टिक डब्यांची गाडी मंजूर होतेय. डबे ठेवायला कोरडी जागा लागेल. कोरडी जागा गावात एकच. शेठचा राग पटकन उतरला. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले, "की आरोग्य महत्त्वाचं."

दुसऱ्या दिवशी सगळं गावच काट्यावर यायला लागलं. ज्याला त्याला आपण किती खंगलो ते ऐकायचं होतं. न्हावी आला, अडीच किलोनं कमी निघाला आणि समाधानानं घरी गेला. मग सुताराची सून आली, नवं बाळ घेऊन. बाळ पटकुरात गुंडाळलेलं, नुकतंच ओलं केलेलं. बाबांनी ते पाटावर ठेवलं, दांडीशी बराच वेळ झटले, पटकूर बोटानं चाचपून बघितलं, डोळे मिटले, आणि सवयीपेक्षा जरा हळू आवाजात म्हणाले, "पाव किलो."

वहिनीचा खडू फळ्यावरच थांबला.

"काय?" सुताराची सून म्हणाली.

"पाव. भरपूर ओलावा आहे."

"अहो मापाडीकाका, दवाखान्यात नर्सनं तीन सांगितलं! मी काय नऊ महिने पाव किलो घेऊन फिरत होते? माझी कंबर गेली की हो!" तिनं बाळ उचललं, ते खरोखरच जड असल्याची हातांनीच खात्री केली आणि बाबांकडे असं बघितलं, की बाबा काट्याच्या मागे सरकले.

वहिनी खडू घेऊन उभी होती. ती सावकाश वळली. तिनं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शिवलेल्या गोण्यांच्या थप्पीकडे.

"मामंजी," ती म्हणाली, "डोळे मिटता तेव्हा तुम्ही काय करता?"

"कडता कापतो."

"पोरांचा?"

"सगळ्यांचा. पहिल्यापासून."

"पोरांना बारदान कुठंय?"

"कपडे आहेत की."

"माती?"

"पाय बघितलेस त्यांचे?"

"आणि ओलावा?" वहिनीचा आवाज चढला. "ओलावा कसला कापलात माणसाचा?"

आता बाबांनाही राग आला. "तूच शिकवलंस! मी खिडकीत उभा होतो. तू म्हणालीस, माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं. निम्म्याहून जास्त! एवढा ओला माल मी जन्मात बघितला नाही. तरी मी एकच किलो कापला. घरची पोरं म्हणून."

वहिनीच्याच धड्यातलं वाक्य होतं, आणि चूक नव्हतं. मला हसू आवरेना म्हणून मी गोण्यांच्या मागे गेलो. तिथं आई आधीच तोंडात पदर कोंबून बसलेली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. उद्या बाई येणार. त्यांना कळणार, की आरोग्याच्या वर्गानं सारी शाळा अडीच-अडीच किलोनं हलकी करून वर कळवली. असला वर्ग कोण कायम करणार? संध्याकाळी शेठ घरी आले. सुताराच्या सुनेचा आवाज मोठा होता, त्यांना सगळं कळलं होतं. ते ओट्यावर टेकले, टोपी काढली, गोड बोलले.

"कशाला उकरता? डबे येतायत, येऊ द्या. पोरं खातील, कुणाला वाईट आहे का? तुमचा वर्ग राहील. मापाड्याची अब्रू राहील. माझ्या गोदामात माल येईल. फळा पुसू नका, एवढंच."

बाबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मापाड्यानं तोललेलं परत तोलायचं म्हणजे काय असतं, हे मला ठाऊक होतं. एका मापाड्यानं एकदा परत तोललं, त्याच्याकडे पुढं कुणी लिंबू तोलायला दिलं नाही.

वहिनीनं शेठना पाणी दिलं. मग म्हणाली, "पोरांना मी शिकवलंय, की अंगाबद्दल काही लपवायचं नाही. दुखलं तर दुखलं म्हणायचं. आता मीच लपवू? उद्या बाईंसमोर परत मोजायचं. मामंजी, तुम्हीच मोजायचं."

"मी?"

"काटा तुमचा आहे."

शेठ उठून गेले. टोपी विसरले, ती न्यायला परत आले आणि पुन्हा गेले. मग बाबा मला म्हणाले, "उद्या माझ्यासमोर उभा राहा. डोळे मिटले तर चिमटा काढ."

तपासणीच्या बाई आल्या त्या उंच, पायात बूट, हातात पाण्याची बाटली. सोबत डॉक्टर, आणि डॉक्टरांना झोप येत होती. वहिनीनं त्यांना खुर्ची दिली आणि बसायच्या आत सगळं सांगून टाकलं: बारदान, माती, ओलावा, पाव किलोचं बाळ. डॉक्टरांची झोप उडाली. बाईंनी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण ओलाव्यापाशी बाटलीतलं पाणी त्यांच्या नाकात गेलं.

"आणि आता?"

"आता परत मोजतोय. पोरांनी दांडी बघायची, आणि पोरांनीच फळ्यावर लिहायचं."

दांडी दुसऱ्या कुणी बघायची हे बाबांना काल सांगितलं नव्हतं. त्यांनी वहिनीकडे बघितलं. मग ते बाजूला सरकले. अर्ध्याच पावलानं, पण सरकले. दोन पोरं त्या फटीत शिरून दांडीला नाक लावून उभी राहिली.

पहिल्याच पोराला बाबांचे डोळे मिटायला लागले. मी चिमटा काढला. ते ओरडले, पण ते वजन नव्हतं. दुसऱ्यापासून मात्र जमलं. बाबा पापण्या ताणून, घुबडासारखे बघत, पूर्ण वजन ओरडत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरं तक्त्यावर एकेक ठिपका पिवळ्यातून, लालमधून उचलून हिरव्यात ठेवत होती. परवापेक्षा सगळी शाळा धडधाकट झाली होती. लाडू तर हिरव्याच्याही पलीकडे गेला. "हे तक्त्यात मावत नाही बाई," फळ्याजवळची पोरगी म्हणाली.

मग काडी.

बाबांनी गोळा सरकवला. परत मागे घेतला. परत सरकवला. मी बघत होतो, डोळे मिटले नव्हते. दांडीजवळच्या दोन्ही पोरांनी आकडा वाचला आणि तो बाबांच्या आधी म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. बाबांनी तो सांगितला, न ओरडता. फळ्याजवळच्या पोरीनं ठिपका शोधला, बोट फिरवलं आणि लालवर थांबवलं.

साऱ्या तक्त्यात लालमध्ये एकच ठिपका राहिला.

"ही परवाही लालमध्येच होती?" बाईंनी विचारलं.

"होती," वहिनी म्हणाली. "पण परवा लालमध्ये बरीच होती. त्या गर्दीत हिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही."

डॉक्टर पुढे झाले. त्यांनी काडीची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, दंड दोन बोटांत धरला. बोटं सहज जुळली. "भूक लागते का ग?"

काडीनं नाही म्हणून मान हलवली.

"लागते तिला," लाडू म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं, पण त्याला धडा येत होता आणि तो सांगायचा होता. "ती माझ्यानंतर जेवते. मी उठलो की. उरलं तर."

शेठ दारात उभे होते. डब्यांची जागा दाखवायला आले होते. काट्याची दांडी किरकिरली. एवढं तेल घालूनही. शेठ आत आले. पाटाजवळ थांबले. नातीकडे बघितलं नाही, दांडीकडे बघितलं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा.

"मापाडी," ते म्हणाले. "ह्यात कडता कापलाय?"

"नाही शेठ."

"नक्की?"

"डोळे उघडे होते." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा साक्षीला आहे. दंड काळानिळा केलाय माझा."

शेठनी पोरीला पाटावरून स्वतः उचललं. उचलताना त्यांनी जड वस्तू उचलायची तयारी केली होती, गुडघे वाकवले होते, श्वास घेतला होता. ती इतकी झटकन वर आली, की त्यांचा तोल गेला. मी मागून धरलं म्हणून पडले नाहीत.

गाडी भरून डबे आले नाहीत. काडीपुरते आले, डॉक्टरांनी दिले, आणि वहिनीनं शेठच्या घरी जाऊन सासवा-सुनांना ओळीनं बसवून ताट कसं वाढायचं ते सांगितलं. माझं बनियनही सोबत नेलं. जाताना तपासणीच्या बाई वहिनीला म्हणाल्या, "वर्ग चालू ठेवा. अध्यक्षांचं मत घ्यायला हवं, पण ते मघापासून मान डोलावतायत, थांबतच नाहीयेत." मग बाबांजवळ थांबल्या. "दर आठवड्याला हिचं वजन कोण करेल?"

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही निवृत्त नाही झालात अजून?"

"मी प्रौढ आहे," बाबा म्हणाले.

आता दर आठवड्याला शेठ नातीला बोटाला धरून गोदामात आणतात. आम्ही अजून गोण्याच शिवतोय, आभाळ अजून कोरडंच आहे, पण आठवड्यातून एक दिवस बाबा धुतलेला सदरा घालतात. शेठ सुरुवातीला लांब उभे राहायचे. आता दांडीला नाक लावतात. काल ते वाकून बघता बघता म्हणाले, "पोत्यांचं मात्र वेगळं हं, मापाडी. पोत्यांना ओलावा असतोच." बाबांनी गोळा शून्यावर आणला. काडी पाटावर चढली. तिला आता ठेवावं लागत नाही, आणि गेल्या खेपेपासून पाट तिच्या उडीनं वाजतो.

बाबांनी गोळा सरकवला, दोन बोटांनी थांबवला आणि जुन्या सवयीनं डोळे मिटले.

"आजोबा," काडी पाटावरून म्हणाली, "डोळे."

बाबांनी उघडले, आणि इतक्या मोठ्यानं ओरडले, की कबुतरं उडाली.